बक्षीस कोणाच्या खिशातून येते?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची त्याला संमती मिळाली आणि काही दिवसांतच पैसे लावून खेळायचे मोठमोठे ॲप थंडावले. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर ज्या कंपनीचे नाव होते, त्या ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या, जर्सीवरचे नावही उतरले. तरुण वाचले असे काही जण म्हणाले, रोजगार बुडाला असे काही जण म्हणाले. आमच्या सोलापुरात मात्र विजापूर वेशीपासून नई जिंदगीपर्यंत आणि अशोक चौकापासून जुळे सोलापूरपर्यंत रात्री दहानंतर कट्ट्यावर माना खाली घालून बसलेली पोरे तशीच बसलेली दिसतात. खेळ थांबला नाही. तो मोठ्या ॲपमधून निघाला आणि व्हॉट्सॲप, टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये येऊन बसला.

मला आज त्याच खेळाबद्दल बोलायचे आहे. रमी किंवा सट्ट्याच्या ॲपबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. बीजीएमआय आणि फ्री फायर मॅक्सच्या ‘पेड रूम’बद्दल मराठीत फारसे कोणी लिहीत नाही, कारण ज्यांना तो खेळ माहीत आहे ते लिहीत नाहीत आणि जे लिहितात त्यांना तो माहीत नाही.

वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना रूम म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. पण हा मजकूर तुमच्या घरातल्या मोठ्यांनीही वाचावा अशी इच्छा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. बीजीएमआय हा बंदुकांचा खेळ आहे. एका नकाशावर जास्तीत जास्त शंभर खेळाडू उतरतात, चार-चार जणांचे संघ असतात आणि शेवटपर्यंत टिकलेला संघ जिंकतो. खेळ फुकट आहे. पण कोणीही स्वतःची खासगी रूम उघडू शकतो. एक ॲडमिन ग्रुपवर वेळ जाहीर करतो, ‘स्लॉट’ विकतो, यूपीआयवर फी घेतो आणि सामन्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधी रूमचा आयडी आणि पासवर्ड पाठवतो. पहिल्या तीन संघांना बक्षीस. कुठे प्रत्येक ‘किल’मागे पाच-दहा रुपये. फ्री फायरमध्ये चार विरुद्ध चार, नाहीतर एकास एक अशी सरळ पैज. फी वीस रुपयांपासून सुरू होते आणि ओळख वाढली, हात बसला की दोनशे, पाचशेपर्यंत जाते.

या विषयावर मी ज्या ज्या मुलांशी बोललो, त्यांचे पहिले वाक्य बहुतेक एकच होते: “भाई, ये जुआ नै है. स्किल है.”

हे वाक्य मी हसण्यावारी नेत नाही. मुलगा खरे बोलत असतो. निशाणा धरायला, नकाशा ध्यानात ठेवायला, तीन मित्रांशी एका श्वासात बोलून निर्णय घ्यायला कसब लागतेच. पण प्रश्न कसबाचा नाही. प्रश्न असा आहे की त्या कसबाला मिळणारे बक्षीस कोणाच्या खिशातून येते?

चला, हिशेब करू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. तुमच्या ग्रुपचे खरे आकडे घालून तुम्ही हाच हिशेब पुन्हा करा.

एका संघाची फी २०० रुपये, म्हणजे प्रत्येकी ५०. पंचवीस संघ. जमा झाले ५,००० रुपये. पहिल्याला २,०००, दुसऱ्याला १,०००, तिसऱ्याला ५००. वाटले ३,५००. ॲडमिनकडे राहिले १,५००. आता संघांच्या बाजूने बघा. पंचवीसपैकी बावीस संघ रिकाम्या हाताने गेले. सगळे संघ अगदी तोडीस तोड आहेत आणि नशीब सगळ्यांना सारखे वाटले जाते असे धरले, तरी प्रत्येक संघाला सरासरी १४० रुपये परत मिळतात. म्हणजे दर सामन्याला ६० रुपये तोटा. रात्री तीन सामने, महिन्यात पंचवीस रात्री, म्हणजे पंचाहत्तर सामने. संघाचा तोटा ४,५००, प्रत्येक मुलाचा १,१२५ रुपये. आणि ॲडमिनची महिन्याची कमाई? १,१२,५०० रुपये.

पण संघ तोडीस तोड नसतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तीन-चार पक्के संघ असतात, तेच आलटून पालटून जिंकतात. उरलेले बावीस संघ मग सरासरीच्या आसपासही नसतात. जो संघ कधीच पहिल्या तिनांत येत नाही, त्याचे महिन्याला १५,००० रुपये जातात, म्हणजे प्रत्येक मुलाचे ३,७५०. ज्याला आपण ‘स्किल’ म्हणतो ते जितके खरे, तितका हा तोटा पक्का. नशिबाच्या खेळात हरणाऱ्याला कधीतरी डाव लागतो. कसबाच्या खेळात कच्च्या खेळाडूला तेवढीही आशा नसते. म्हणून ‘स्किल है’ हे वाक्य ज्या मुलाला धीर देते, त्याच्याच विरुद्ध ते जाते.

ही झाली फक्त फी. स्पर्धेत टिकायचे असेल तर खर्च तिथे थांबत नाही. चांगल्या फोनवर खेळ सेकंदाला नव्वद चित्रांनी चालतो, साध्या फोनवर अडखळतो. आयपॅडवर मैदान जास्त रुंद दिसते, हे प्रत्येक खेळाडूला माहीत आहे. शत्रू त्याला आधी दिसतो, तुम्हाला नंतर. म्हणजे मैदानात उतरण्याआधीच अर्धी लढाई पैशाने लढली गेलेली असते. मग हप्त्यावर फोन येतो. मग घरी वायफाय, बाहेर जास्तीचा डेटा. मग फोन तापतो म्हणून मागे लावायचा छोटा पंखा. फ्री फायरमध्ये काही बंदुकांच्या ‘स्किन’ मारक्षमता थोडी वाढवतात, म्हणून त्यांचे डायमंड. बीजीएमआयमध्ये पोशाखाने गोळी जास्त लागत नाही, पण साध्या कपड्यातल्या खेळाडूला सगळे ‘बॉट’ म्हणतात, म्हणून यूसी. शिवाय ‘लकी स्पिन’: पैसे टाका, चाक फिरवा, हवी ती वस्तू येईल किंवा येणार नाही. हा प्रकार तर कसबाचासुद्धा नाही.

बीजीएमआय २०२१ मध्ये भारतात आला, तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांसाठी रोज तीन तास खेळाची आणि रोज ७,००० रुपये खर्चाची मर्यादा कंपनीने घातली होती. ती संरक्षणासाठी होती, हे लक्षात घ्या. सोलापुरातली विडी वळणारी बाई रोज हजार विड्या वळायला बसते. हात काळे पडतात, मान आखडते. कित्येक आठवडे वळल्यावर तिच्या हाती सात हजार येतात. तिच्या मुलाने एका दिवसात त्याहून जास्त उडवू नये, एवढीच ती मर्यादा. ज्यांनी ती आखली त्यांच्या डोळ्यांपुढे हे घर नव्हते.

आणि हा खर्च शेवटी त्याच घरातून निघतो. यूपीआय अम्मीच्या फोनवर असते. बचत गटाचा हप्ता ठेवलेला असतो. मोठ्या भावाने पुण्याहून पाठवलेले असतात. पन्नास-पन्नास रुपये गेलेले कोणाला दिसत नाहीत, कारण पन्नास रुपयांसाठी कोणी हिशेब विचारत नाही. यंत्रमागावर किंवा गारमेंटच्या कारखान्यात सकाळी लवकर जायचे असते आणि मॅच रात्री दोनला संपते. रमजानमध्ये तरावीहनंतर सहरीपर्यंत जागायचेच असते, त्या रात्री तर स्लॉट आधीच भरलेले असतात. झोप गेली की खाडा पडतो, खाडा पडला की पगार कापला जातो. तो पैसाही या खेळाच्याच खर्चात धरायला हवा.

आता कायद्याकडे येऊ, कारण इथे एक मोठा गैरसमज आहे.

‘कसबाचा खेळ म्हणजे जुगार नाही’ हा युक्तिवाद आपल्याकडे जुना आहे. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिकंदराबादच्या एका क्लबच्या प्रकरणात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. पुढे रमीच्या ॲपवाल्यांनी याच निकालाचा आधार घेतला. पण त्याच निकालातली दुसरी बाजू ते सांगत नाहीत. पैसे लावून चाललेल्या खेळातून क्लबचा मालक नफा काढत असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो, असेही न्यायालयाने तिथे नोंदवले होते. म्हणजे साठ वर्षांपूर्वीसुद्धा न्यायालयाचे लक्ष पत्त्यांबरोबर गल्ल्याकडेही होते.

२०२५ च्या कायद्याने तर कसब की नशीब हा वादच बाजूला ठेवला. फी भरून किंवा पैसे लावून, बदल्यात पैसे मिळतील या आशेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ हा ‘पैशांचा खेळ’, मग तो कसबाचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा. यातून ई-स्पोर्ट्स वगळले आहेत. पण ई-स्पोर्ट्स कशाला म्हणायचे, हेही कायद्याने लिहिले आहे. त्या खेळाला अधिकृत मान्यता आणि नोंदणी हवी. खेळाडूकडून फी घेता येईल, पण ती फक्त प्रवेशासाठी किंवा व्यवस्थेच्या खर्चासाठी. कामगिरीवर बक्षीस देता येईल, पण त्यात पैज किंवा डाव लावणे नको.

आता तुमच्या ग्रुपवरची रूम या मोजपट्टीवर ठेवून बघा. मान्यता नाही, नोंदणी नाही. फीमधूनच बक्षीस आणि फीमधूनच ॲडमिनचा नफा. त्या रूमला ‘ई-स्पोर्ट्स टुर्नामेंट’ असे नाव दिल्याने ती ई-स्पोर्ट्स होत नाही.

कायद्याने खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. तो बळी आहे, अशी कायद्याची भूमिका आहे. शिक्षा आहे खेळ चालवणाऱ्याला: तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पैशांचे व्यवहार हाताळणाऱ्यांसाठीही वेगळी शिक्षा आहे. या कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे गेल्या आहेत. पण निकालाची वाट बघत मोठ्या कंपन्यांनी दुकान बंद केले, त्यांच्याकडे वकील आहेत. आपल्या गल्लीतल्या ॲडमिनने चालू ठेवले. त्याच्याकडे वकील नाही.

म्हणून हा लेख खेळणाऱ्यांइतकाच त्या ॲडमिनसाठी आहे. तो कोणी डॉन नसतो. एकोणीस-वीस वर्षांचा, हिशेबाला पक्का, बोलायला गोड, पोस्टर स्वतः बनवणारा मुलगा असतो. नोकरी मिळाली नाही म्हणून त्याने हा ‘धंदा’ शोधला आणि घरी तो पैसे देतो म्हणून कोणी विचारत नाही. माझ्या प्रिय भावा, तुझ्या यूपीआयवर रोज पंचवीस जणांचे पैसे येतात, त्यांची नोंद कायम राहते. त्यातला एखादा मुलगा कोणाच्या तरी खात्यातून चोरलेले पैसे फी म्हणून टाकतो, तक्रार होते, पैशांचा माग तुझ्या खात्यापर्यंत येतो आणि बँक खाते गोठवते. मग कोणीतरी सुचवते की दुसऱ्याच्या नावाचे खाते वापर, त्याला महिन्याला दोन-तीन हजार दे. खाते भाड्याने देणारा मुलगा तर खेळलेलाही नसतो, तरी सायबर पोलिसांच्या यादीत पहिले नाव त्याचे येते. ग्रुपवर ‘अकाउंट पाहिजे, कमिशन मिळेल’ असा मेसेज दिसला तर त्यापासून शंभर हात दूर राहा.

एकदा गुन्हा नोंदला गेला की काय होते, हे आपल्या वस्त्यांना वेगळे सांगायला नको. पोलिस भरतीची चारित्र्य पडताळणी असो, आखाती देशातल्या नोकरीसाठी पासपोर्ट असो की घर भाड्याने घेणे असो, प्रत्येक ठिकाणी तो कागद आडवा येतो. ज्याच्याकडे ओळखी आणि पैसा आहे त्याच्यासाठी तो एक खटला असतो. आपल्यासाठी तो पुढची दहा वर्षे असतो.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल की मुस्लीम पोरे बिघडली. तसे अजिबात नाही आणि ही गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमधील एका पोलिस उपनिरीक्षकाने ड्रीम इलेव्हनवर दीड कोटी रुपये जिंकले आणि तो निलंबित झाला. त्याच वर्षी नागपुरातल्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार केली. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाच्या सभागृहात तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर रमी दिसत असल्याचा व्हिडिओ राज्यभर फिरला. आपण खेळत नव्हतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे कृषी खाते गेले आणि त्यांना क्रीडा व युवक कल्याण खाते मिळाले. ऑनलाइन गेमच्या जाहिरातीवरून ऑगस्ट २०२३ मध्ये बच्चू कडू यांनी सचिन तेंडुलकर यांच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलन केले होते. कायदा आणताना सरकारने सांगितलेला अंदाज असा होता की पैशांच्या ऑनलाइन खेळांचा फटका सुमारे ४५ कोटी लोकांना बसला आणि त्यांचे २०,००० कोटींहून जास्त रुपये गेले. ४५ कोटी लोक एका जातीचे किंवा धर्माचे नसतात.

पण आपल्या शहराने हे आधीही पाहिले आहे. मटका मुळात मुंबईत कापसाच्या भावावरच्या आकड्यांवर सुरू झाला. न्यूयॉर्कच्या बाजारातले भाव यायचे आणि त्यावर पैसे लागायचे. पुढे भाव येणे थांबले तर मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडे काढले. आकडा लावणाऱ्यांत गिरणी कामगार मोठ्या संख्येने होते. सोलापूर हेही गिरण्यांचे शहर. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, एकेक करून भोंगे बंद झाले. गिरण्या गेल्या, पण आकडा लावायची सवय गेली नाही. जिथे पगार थोडा आणि उद्याची खात्री नसते, तिथे आजच्या पन्नासाचे दोन हजार होतील हे स्वप्न विकायला सगळ्यात सोपे असते. रूमचा ॲडमिन तेच स्वप्न विकतो, फक्त चिठ्ठीच्या जागी स्क्रीन आली आहे.

धर्माचे काय, असे काही जण विचारतील. मी मुफ्ती नाही आणि फतवा देणे हे माझे काम नाही. पण एवढे सांगता येईल की कुराणात दारू आणि जुगार यांचा उल्लेख एकत्र येतो. लोकांना त्यात काही फायदा आहे हे तिथे नाकारलेले नाही. नुकसान फायद्यापेक्षा मोठे आहे, असे सांगितले आहे. दिलेले कारणही माणसांमधले आहे: त्याने आपसात वैर आणि द्वेष निर्माण होतो. ज्या चार दोस्तांनी एक सामना हरल्यावर ‘तेरी वजह से गये पैसे’ म्हणत महिनाभर बोलणे टाकले, त्यांना हे समजावून सांगायला नको. फिकहच्या जुन्या ग्रंथांमध्ये शर्यतीच्या बक्षिसावर बरीच चर्चा आहे. बक्षीस कोणी तिसऱ्याने ठेवले तर एक गोष्ट; खेळणाऱ्या प्रत्येकाने पैसे टाकले आणि जिंकणाऱ्याने सगळ्यांचे उचलले तर दुसरी, तिला ‘किमार’ म्हणतात. घोडे, उंट आणि तिरंदाजीच्या शर्यतींबद्दल फकीहांमध्ये मतभेद आणि सवलती आहेत, त्यात मी शिरत नाही. माझे लक्ष वेधले ते या गोष्टीने की शेकडो वर्षांपूर्वीचे फकीह, १९६७ चे न्यायमूर्ती आणि २०२५ ची संसद यांच्या वाटा वेगवेगळ्या असूनही ते एकाच प्रश्नाजवळ येतात. बक्षीस कोणाच्या खिशातून येते?

एक आक्षेप मात्र रास्त आहे. मुले विचारतात, “टेनिस बॉलच्या टुर्नामेंटला पण एंट्री फी असते ना? मग ते कसे चालते?” उत्तर तोच प्रश्न विचारून मिळते. फीमधून बॉल, अंपायर, मैदान, लाइट यांचा खर्च निघतो आणि बक्षीस कोणी दुकानदार किंवा नगरसेवक ठेवतो, तर ती स्पर्धा आहे. हरलेला संघ फी देऊन एक दिवस मैदानावर खेळून गेला, त्याला त्याच्या पैशांचे काही मिळाले. पण फी गोळा करून त्याचीच पेटी जिंकणाऱ्याला द्यायची आणि आयोजकाने आपला वाटा काढायचा, असे कुठल्या क्रिकेट टुर्नामेंटमध्ये होत असेल, तर तिथेही बोलायला हवे. फरक मोबाइल आणि मैदान यांतला नाही.

म्हणूनच मी गेमच्या विरोधात नाही. ई-स्पोर्ट्स हा खरा खेळ झाला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने तो क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणला. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोउ आशियाई स्पर्धेत त्याला पदके होती. बीजीएमआयच्या कंपनीने २०२१ मध्ये घेतलेल्या पहिल्या मोठ्या स्पर्धेत एक कोटीची बक्षिसे होती आणि नोंदणी मोफत होती. बक्षीस कंपनीने दिले, कारण तिला खेळाची जाहिरात हवी होती. त्यामागे तिचा स्वार्थ होताच, पण हरलेल्या पोराच्या खिशातून तिने ते काढले नाही. तुमच्यात खरेच दम आहे असे वाटत असेल, तर तो मोजायची जागा तिथे आहे. आणि हेही पाहा की तिथे पोहोचणारे हजारांत मूठभर. क्रिकेटमध्ये रणजीपर्यंत जातात तसे. बाकीच्यांनी खेळ आनंदासाठी खेळावा आणि पोटापाण्यासाठी दुसरे काही शिकावे. आयटीआय आहे, शिवणकामाचे कारखाने आहेत, टॅली आहे, व्हिडिओ एडिटिंग आहे. जो मुलगा रूमचे पोस्टर बनवतो आणि पंचवीस संघांचा हिशेब चुकता ठेवतो, त्याच्याकडे विकता येण्याजोगे काम आधीच आहे.

तर आता करायचे काय?

आज रात्री आपल्या यूपीआय ॲपमधून मागच्या तीन महिन्यांची यादी काढा. रूमची फी, यूसी, डायमंड, स्पिन यांची बेरीज एका बाजूला आणि जिंकून आलेले पैसे दुसऱ्या बाजूला लिहा. कोणाला दाखवू नका. फक्त आकडा बघा. ‘मी जवळपास बरोबरीत आहे’ असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हे खास.

फी भरण्याआधी ॲडमिनला चार प्रश्न विचारा. एकूण किती जमले? बक्षीस त्यातूनच आहे का? तुझा वाटा किती? हॅकर सापडला किंवा सामना रद्द झाला तर पैसे परत कोण देणार? उत्तर न देता ग्रुपमधून काढून टाकले, तर उत्तर मिळाले असे समजा.

पैसे फसवून नेले असतील, खाते गोठले असेल किंवा तुमच्या नावाने कोणी व्यवहार करत असेल, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. कर्ज झाले, झोप उडाली, घरी सांगायची हिंमत होत नाही, जीव नकोसा वाटतो, अशी अवस्था असेल तर १४४१६ वर टेलि-मानसची मोफत सेवा आहे. तिथे बोलताना नाव-गाव, धर्म यांमुळे कोणी तुम्हाला कमी लेखणार नाही. पैसा पुन्हा कमावता येतो.

घरातल्या मोठ्यांना एवढेच सांगणे आहे की मोबाइल आपटून काही होणार नाही. मुलगा दुसऱ्याच्या फोनवर खेळेल आणि आता उधारीवर खेळेल. त्याच्या शेजारी बसा, खेळ समजून घ्या, मग पैशांचे विचारा. रागावायचेच असेल तर त्याने किती हरले यावर रागावण्याआधी त्याने तुम्हाला का सांगितले नाही, याचा विचार करा.

आणि मोहल्ल्यातल्या जाणत्या लोकांना, जमातच्या पदाधिकाऱ्यांना, तरुण मंडळांना एक विनंती. पोरे रात्री मोबाइलवर बसतात अशी तक्रार आपण करतो, पण रात्री दहाला त्यांना बसायला दुसरी जागा आपण दिली आहे का? एखादी अभ्यासिका उशिरापर्यंत उघडी आहे का? एखाद्या मैदानावर लाइट आहे का? महापालिकेकडे या मागण्या घेऊन जाणे हे आपले नागरिक म्हणून काम आहे. तोवर आपल्या हातात असलेली एक गोष्ट करता येईल. मोहल्ल्यातच एक स्पर्धा घ्या, हवे तर बीजीएमआयचीच. प्रवेश मोफत, बक्षीस दोन दुकानदारांनी मिळून ठेवलेले, वेळ संध्याकाळची, अठरा वर्षांखालच्यांना घरची परवानगी सक्तीची. आज जे ॲडमिन आहेत त्यांनाच आयोजक करा, कारण ते हे काम आपल्यापेक्षा चांगले जाणतात. हरलेला मुलगा त्या संध्याकाळी घरी जाईल तेव्हा त्याच्या खिशात जितके पैसे होते तितकेच असतील. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला येईल आणि त्याच्या अम्मीच्या हप्त्याला कोणी हात लावलेला नसेल.